जवारीचा कान

तंबोऱ्याच्या घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीवर, प्रत्येक तारेखाली सुताचा एक तुकडा सरकवलेला असतो. साधं शिवणाचं सूत. ते नीट जागेवर नसेल तर तार ‘टण्ण’ करून गप्प बसते. केसभर सरकवलं की तीच तार गुणगुणायला लागते (या गुंजनालाच जवारी म्हणतात), आणि आणखी केसभर गेलं की चरचरते. कुठे थांबायचं, हे मिरजेच्या सतारमेकर गल्लीत कुणी कुणाला शब्दांत सांगत नाही.

लोक म्हणतात, रक्तातच असतं ते. हे काही पटत नाही. ही घराणी मुळात शिकलगारांची, तलवारी-भाल्यांना धार लावणारी. संस्थानी काळात हत्यारांची मागणी आटली, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब वाद्यांच्या दुरुस्तीकडे आणि मग घडणीकडे वळले. रक्तातच असतं, तर ते धारेचं असायला हवं होतं, सुरांचं नव्हे. मात्र पातं उजेडाकडे तिरकं धरून उंचसखलपणा हेरायची नजर असेल, तर ती घोडीवर वाया जात नाही. तिचा पृष्ठभाग दिसतो सपाट, पण त्याला किंचित उतार लागतो, आणि तार त्या उताराला निसटता स्पर्श करत थरथरली पाहिजे. उतार जास्त झाला तर आवाज कोरडा, बंद. कमी पडला तर नुसती खरखर. कानस, मग पॉलिश पेपर, मग तार चढवून ऐकायचं; पुन्हा तार उतरवायची, पुन्हा दोन हात. एक हात जास्त मारला गेला तर परत भरता येत नाही, सगळी घोडीच खाली घ्यावी लागते.

या कामापर्यंत पोरगं एकदम पोचत नाही. आधी दांडी घासायची. मग खुंट्या: निसटत असेल तर खडू लावायचा, अडकत असेल तर साबण. मग भोपळा. तो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो, कडू, जाड सालीचा. वेलावर एका अंगाला दबलेला असेल तर पुढे कितीही सारवासारव करा, वाद्य तिरकंच बसतं. कापल्यावर भिजवून, आतून काठ्यांचे ताण देऊन तोंड रुंद करतात आणि सावकाश वाळू देतात. घाई केली की तडा जातो. भोपळ्याच्या तोंडावर बसणाऱ्या तबलीचं तुणाचं लाकूडही असंच, मुरलेलं नसेल तर पावसाळ्यात सांधा सोडतं. हवामानाशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही, हे कळायला पोराला दोनचार पावसाळे पुरतात. तापट माणूस इथे टिकत नाही म्हणतात. मला वाटतं, टिकता टिकताच तो थंड होत असावा.

आणि कान? तो निम्मा गावानं दिलेला. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले; 1937 साली गेले, तेव्हा ख्वाजा शमना मीरा दर्ग्याच्या आवारातच त्यांना दफन केलं. उरुसात तिथे गाणं होतं. घरी दिवसभर कुणीतरी षड्ज छेडत असतो. गृहपाठ करणाऱ्या पोराच्या कानावरून जोडाच्या, एकाच सुरात लावलेल्या, दोन तारा शेकडो वेळा जातात, आणि एके दिवशी ते वहीतून मान वर न काढता म्हणतं, ‘दुसरी उतरलीय.’ शिकवणी अशी नाहीच. झालीच असेल तर एवढीच.

गंमत म्हणजे यातल्या अनेकांना मैफलीत बसून वाजवता येत नाही. वाजवणाऱ्याला काय हवंय, ते मात्र त्याच्या आधी कळतं. गिऱ्हाईक ‘जरा गोल आवाज पाहिजे’ म्हणतं, कुणी ‘खुली जवारी ठेवा’ म्हणतं. या शब्दांना माप नाही, तरी घोडी त्या मापाची निघते.

2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यानं नाव राखलं जाईल. पण आता तंबोरा मोबाइलमध्येही वाजतो, आणि गृहपाठाचं पोरगं कानात इअरफोन घालून बसतं, ही अडचण मानांकनाच्या कागदाला कुठली कळणार!

जवारी तशीही कायमची नसते. तारेनं घोडीवर खाचा पडतात, गुंजन हळूहळू मिटतं आणि तंबोरा कापडात गुंडाळून पुन्हा मिरजेला येतो. कारागीर आधी खाचांकडे बघत नाही. विचारतो, ‘कुठल्या पट्टीत गाता?’ कारण पेटीच्या काळी एकला, म्हणजे पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराला, उघडलेली जवारी काळी चारला चढवली की मिटते. उत्तर मिळालं की तो तार सैल करतो, सूत काढून बाजूला ठेवतो आणि कानस उचलतो.