रिमोट डेस्कटॉपचं पोर्ट न उघडता घरून ऑफिसचा संगणक: आमच्या संस्थेचा अनुभव

आमची संस्था ठाण्यात, नौपाड्यात. रुग्णांना व्हीलचेअर, खाटा, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर वापरायला देते. पाच-सहा संगणक आहेत. एकावर कोणती वस्तू कोणाकडे गेली, अनामत किती, पेशंटचा पत्ता आणि आजार ही सगळी नोंद, दुसऱ्यावर टॅली. अकाउंटंट मॅडम बदलापूरहून येतात. पावसात मध्य रेल्वे अडकली की त्यांचं येणं राहतं, पण टीडीएस भरायची ७ तारीख काही पुढे सरकत नाही. म्हणून त्यांना घरून ऑफिसचा संगणक वापरता यावा, असं कार्यकारिणीत ठरलं. संस्थेचं संगणकाचं काम मी स्वयंसेवक म्हणून बघतो, त्यामुळे ते माझ्याकडे आलं.

आमच्याकडे नेटवर्कचं काम करणाऱ्याने सोपा उपाय सुचवला: राउटरवर ३३८९ पोर्ट फॉरवर्ड करू (म्हणजे इंटरनेटवरून त्या क्रमांकाच्या दारावर येणारं सगळं थेट ऑफिसच्या संगणकाकडे वळवू), दहा मिनिटांत चालू. मी ठाम नाही म्हटलं. ३३८९ हे विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचं, म्हणजे दुसरीकडे बसून संगणक वापरायच्या सोयीचं, ठरलेलं पोर्ट. इंटरनेटवर ते उघडं दिसलं की पासवर्ड ओळखून बघणारे प्रोग्रॅम त्यावर अखंड धडका देत राहतात, आणि संस्था लहान आहे म्हणून कोणी सोडत नाही. नुसत्या मजबूत पासवर्डवरही भागत नाही. २०१९ च्या मे महिन्यात ब्लूकीप नावाची त्रुटी जाहीर झाली, तिच्यात तर लॉगिन न करताच जुन्या विंडोजचा ताबा घेता येत होता. मायक्रोसॉफ्टने तेव्हा सपोर्ट कधीच संपलेल्या एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्तीचा पॅच काढला. आपल्याकडे लोकांचे आजार लिहून ठेवलेले आहेत. ते बाहेर गेले तर परत आणता येत नाहीत.

खजिनदारांना वेगळीच भीती होती. "अहो, हे तेच ना? फोनवर कोड विचारतात आणि खातं रिकामं होतं?" प्रश्न रास्त होता. त्यांना सांगितलं, त्या फसवणुकीत अनोळखी माणूस आपल्याकडूनच ॲप टाकून घेतो आणि कोड काढून घेतो. इथे सांगायचा कोडच नाही. आपण ज्या लॅपटॉपची नोंद करू, तोच आत येईल. हे समजून घेतल्यावर त्यांनीच खर्चाला मंजुरी मिळवून दिली.

मी वायरगार्ड हा व्हीपीएन (इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतचा बंदिस्त, सांकेतिक मार्ग) निवडला. आधी व्हीपीएनने ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायचं, मग आतल्या आत रिमोट डेस्कटॉप लावायचा. वायरगार्डचा एक गुण मला फार महत्त्वाचा वाटतो: ओळखीची की (डिजिटल किल्ली) नसेल तर तो उत्तरच देत नाही. बाहेरून तपासणाऱ्याला तिथे काही आहे याचा पत्ताही लागत नाही. ऑफिसात रास्पबेरी पाय नावाच्या एका छोट्या संगणकावर तो बसवला.

पण त्याआधी इंटरनेटचं बघावं लागलं. राउटरच्या सेटिंगच्या पानावर वॅनचा, म्हणजे इंटरनेटच्या बाजूचा, पत्ता १००.७० ने सुरू होणारा दिसत होता. १००.६४ ते १००.१२७ पर्यंतचे पत्ते म्हणजे सीजीनॅट: कंपनी एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटते, आणि बाहेरून आपल्यापर्यंत थेट येता येत नाही. म्हणजे ते दहा मिनिटांचं पोर्ट फॉरवर्डिंग चाललंच नसतं. स्टॅटिक आयपीसाठी (न बदलणाऱ्या, फक्त आपल्या सार्वजनिक पत्त्यासाठी) अर्ज केला, वर्षाचे वेगळे पैसे भरले. मग राउटरवर फक्त वायरगार्डचं एकच पोर्ट (यूडीपी प्रकारचं) रास्पबेरी पायकडे वळवलं.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो एका साध्या गोष्टीने. मॅडमच्या लॅपटॉपवर वायरगार्ड जोडलेला दिसे, हँडशेकची (दोन्ही टोकांनी एकमेकांना ओळखल्याची) वेळही बदलत राही, पण ऑफिसचा संगणक काही सापडेना. माझ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून मात्र तोच लॅपटॉप व्यवस्थित चाले. कारण त्यांच्या घरच्या राउटरचे पत्ते १९२.१६८.१ चे आणि ऑफिसचेही तेच. लॅपटॉप ऑफिसचा संगणक बदलापूरच्या घरातच शोधत होता. ऑफिसचं नेटवर्क १९२.१६८.५७ वर नेलं. मग प्रिंटर बंद पडला, कारण त्याला जुना पत्ता हाताने दिलेला होता. त्याच्या छोट्या पडद्यावर बाण दाबत एकेक आकडा बदलला. अशी सोय करणार असाल तर नेटवर्कचे पत्ते सगळ्यात आधी बदलून घ्या.

विंडोजच्या बाजूला होम आवृत्ती चालत नाही, प्रो लागते. नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन (पडदा दिसण्याआधीच पासवर्ड तपासणं) चालू ठेवलं. मॅडमना ॲडमिन नसलेलं खातं देऊन ते रिमोट डेस्कटॉप युजर्स या गटात घातलं. फायरवॉलच्या नियमात फक्त व्हीपीएनच्या पत्त्यांना परवानगी, आणि चुकीच्या पासवर्डवर खातं काही वेळ बंद. ग्रुप पॉलिसी या विंडोजच्या सेटिंगमधून क्लिपबोर्ड (कॉपी-पेस्ट) आणि ड्राइव्ह जोडणं बंद केलं. त्यावर मॅडमची तक्रार आली: "एवढी एक एक्सेल घरी घेता येत नाही?" नाही येत. फाइल ऑफिसातच राहावी यासाठीच तर हा खटाटोप. प्रोवर एका वेळी एकच जण बसू शकतो. घरून लॉगिन झालं की ऑफिसातल्या माणसापुढचा पडदा लॉक होतो. म्हणून टॅलीच्या संगणकावर इतर कोणी बसायचं नाही असं ठरलं.

वीज जाऊन आली की तो संगणक बंदच राही. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) वीज परतल्यावर आपोआप सुरू होण्याची सेटिंग असते, ती लावली.

कोण कधी आत आलं याची नोंद विंडोज ठेवतं: ४६२४ म्हणजे लॉगिन झालं, ४६२५ म्हणजे फसलं. पण या नोंदवहीची, म्हणजे सिक्युरिटी लॉगची, मूळ मर्यादा २० एमबी, जुन्या नोंदी पुसल्या जातात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशात लॉग १८० दिवस ठेवायला सांगितलेत. आम्हीही तोच काळ धरून मर्यादा वाढवली. दर सोमवारी मी ४६२५ च्या नोंदी चाळतो. अजून तरी त्यात मॅडमच्या कॅप्स लॉकशिवाय काही सापडलेलं नाही.

मध्यंतरी लॅपटॉपची नोंद असलेला एक स्वयंसेवक पुण्याला गेला. वायरगार्डच्या फाइलमधून त्याच्या नावाच्या ओळी काढल्या, सेवा पुन्हा सुरू केली, प्रवेश बंद. बाकीच्यांना पासवर्डसुद्धा बदलावा लागला नाही. त्या फाइलची एक प्रत पेनड्राइव्हवर, सीलबंद पाकिटात, चिटणीसांच्या कपाटात आहे. उद्या मी नसलो तरी दुसऱ्या कोणाला रास्पबेरी पाय नव्याने उभा करता यायला हवा.