कामाने भरलेली कार्यशाळा आणि थकलेले पाच हप्ते

थकबाकीच्या यादीत एखाद्या घरगुती व्यवसायाचे नाव आले की तिथे पोहोचण्यापूर्वीच माझ्या मनात एक चित्र तयार होते: यंत्रावर धूळ साचलेली, माल पडून राहिलेला आणि घरातले कोणी समोर यायला तयार नाही. अकरा वर्षे ग्रामीण भागात लहान कर्जे देण्याचे आणि वसूल करण्याचे काम केल्यावर हे चित्र बहुधा खरेच ठरते. म्हणूनच त्या सुताराच्या घरी जे दिसले, ते अजून माझ्या डोक्यातून जात नाही. कार्यशाळेत पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतीला टेकवलेली नऊ दारे, कोपऱ्यात अर्धवट जोडलेल्या चौकटी, आमच्या कर्जातून घेतलेली गोल करवत सुरू आणि भुशाचे ढीग दाराबाहेरपर्यंत आलेले. या कुटुंबाचे पाच आठवड्यांचे हप्ते थकले होते.

आमच्या भाषेत ही रेषा फार महत्त्वाची असते. हप्ता तीस दिवसांहून अधिक थकला की केवळ तो हप्ता नव्हे, तर त्या कर्जाची उरलेली सगळी रक्कम ‘जोखमीतली’ म्हणून मोजली जाते, आणि शाखेचे मूल्यमापन त्याच टक्केवारीवर होते. त्यामुळे एकतिसाव्या दिवशी शाखेतून जो माणूस निघतो, तो कर्जदाराची अडचण समजून घेण्यासाठी निघालेला नसतो. मीही वसुलीसाठीच निघाले होते.

कर्ज घरातल्या बाईंच्या नावावर होते, पाच जणींच्या गटात, पन्नास साप्ताहिक हप्त्यांचे. पहिले अकरा हप्ते वेळेवर आले, पुढचे सहा गटातल्या बाकीच्या चौघींनी वर्गणी काढून भरले, आणि त्यानंतर त्यांनी हात आखडते घेतले. सहा आठवडे चौघी दुसरीचा हप्ता भरत होत्या, हे आमच्या नोंदीत कुठेच नव्हते. नोंदवहीला हप्ता आला एवढेच कळते, तो कोणाच्या कनवटीतून आला हे कळत नाही. हप्ते गोळा करायच्या गटाच्या बैठकीत हे माझ्या लक्षात यायला हवे होते, पण पैसे मोजून पावत्या फाडण्याच्या घाईत मी कोणाच्या चेहऱ्याकडे पाहिले नाही.

“मॅडम, काम नाही म्हणून हप्ता थकला असं लिहू नका,” बाईंनी मला दारातच सांगितले. “काम वाढलं म्हणूनच थकलाय.”

हे वाक्य मी पूर्वी ऐकले असते, तर सबब म्हणून सोडून दिले असते. त्या दिवशी मात्र समोर नऊ दारे उभी होती, म्हणून मी बसले आणि त्यांची उधारीची वही मागितली.

इथे माझ्या कामातल्या एका गोष्टीविषयी सविस्तर लिहायला हवे, कारण बाहेरच्या लोकांना वाटते की आम्ही फॉर्म भरतो आणि पैसे देतो. ज्या व्यवसायाचा ताळेबंद नाही, बिले नाहीत, घरखर्च आणि धंद्याचा पैसा एकाच डब्यात आहे, त्याची कमाई ठरवणे हे खरे कौशल्य आहे. मी तीन वाटांनी हिशेब करते. आधी चांगला, वाईट आणि नेहमीचा महिना विचारून विक्रीचा अंदाज घ्यायचा. मग कच्चा माल किती येतो त्यावरून तयार माल किती निघत असेल ते काढायचे. आणि तिसरी वाट म्हणजे धंद्याच्या खुणा. सुताराला उत्पन्न विचारण्याऐवजी करवतीला किती दिवसांनी धार लावावी लागते आणि भुसा किती वेळा हलवावा लागतो हे विचारले, तर उत्तर सहसा खरे मिळते, कारण त्यात लपवण्यासारखे काही आहे असे कोणाला वाटत नाही. नवरा-बायकोला वेगवेगळे विचारायचे आणि तिन्ही आकडे जवळपास येईपर्यंत उठायचे नाही. या कर्जाच्या वेळी माझे तिन्ही आकडे उत्तम जुळले होते, आणि मला त्याचा अभिमान होता.

चूक आकड्यांत नव्हती. मी दिवस विचारले नव्हते.

वहीतून जे निघाले ते असे. वखारीतून आणलेले लाकूड रोख पैसे देऊन घ्यावे लागते आणि निदान महिनाभर थप्पी लावून, प्रत्येक दोन फळ्यांमध्ये पट्ट्या घालून वाळवावे लागते. दार तयार होऊन बसेपर्यंत दहा दिवस जातात. गिऱ्हाईक शेतकरी असल्यामुळे पैसे सरासरी पन्नास दिवसांनी येतात. म्हणजे लाकडात घातलेला पैसा परत हातात यायला नव्वद दिवस. करवत येण्यापूर्वी महिन्याला चार दारे होत, तेव्हा कोणत्याही क्षणी बारा दारांचा पैसा थप्पीत, कामात आणि उधारीत अडकलेला असे. वर्षानुवर्षांच्या काटकसरीने त्यांनी तेवढे भांडवल उभे केले होते. करवत आल्यावर महिन्याला आठ दारे होऊ लागली आणि अडकणारा पैसा चोवीस दारांचा झाला. वरच्या बारा दारांसाठी पैसा कुठून येणार, याचा विचार त्यांनी केला नव्हता, आणि तो विचार करणे ज्यांचे काम होते त्या मीही केला नव्हता. मी यंत्रासाठी कर्ज दिले. यंत्र जे लाकूड खाणार होते, त्यासाठी दिले नाही.

त्यात आमचा पहिला हप्ता कर्ज हातात पडल्यानंतर आठव्या दिवशी सुरू झाला. नव्या करवतीवर कापलेल्या पहिल्या लाकडाचे पैसे येण्यापूर्वी बारा हप्ते देय झाले होते, म्हणजे जवळजवळ चतुर्थांश कर्ज परत करायचे होते. त्या तीन महिन्यांत येणारा पैसा जुन्या चार-चार दारांचा होता आणि जाणारा पैसा आठ-आठ दारांचा, वर हप्ता. बाईंची बचत संपली. मग आठव्या आठवड्याच्या सुमारास वखारवाल्याने उधारीवर ओले लाकूड दिले, आणि महिनाभर थांबणे परवडत नव्हते म्हणून त्याचीच दारे करावी लागली. ती दारे बसवल्यावर वाकली. गिऱ्हाइकांनी पैसे अडवून धरले, आणि त्यात त्यांचे काही चुकले असे मला म्हणता येत नाही.

“ओलं लाकूड घेताना हात थरथरत होता,” बाईंचे यजमान म्हणाले. “पण मॅडम, आठवडा थांबत नाही ना.”

आठवड्याचा हप्ता हे आमच्या क्षेत्राचे जुने दैवत आहे. अर्थशास्त्राचे प्राध्यापक मुहम्मद युनूस यांनी १९७६ मध्ये बांगलादेशातल्या जोब्रा गावातल्या बेचाळीस जणांना स्वतःच्या खिशातून मिळून सत्तावीस डॉलर दिले, त्यातून पुढे १९८३ मध्ये ग्रामीण बँक उभी राहिली, आणि पाच जणींचा गट, लगेच सुरू होणारे छोटे साप्ताहिक हप्ते ही घडण जगभर पसरली. रोज विक्री आणि रोज रोख असणाऱ्या धंद्याला ती घडण शोभते, हे मी स्वतः पाहिले आहे. पण ज्यांनी ती उचलली त्यांनी एक गोष्ट सोडून दिली: खुद्द ग्रामीण बँकेनेच २००२ च्या सुमारास आपली पद्धत बदलून अडचणीत आलेल्या कर्जदाराला हप्ते लांबवून घेण्याची वाट मोकळी केली होती. मूळ घराने भिंत पाडली, आणि नक्कल करणारे अजून तिला चुना लावत आहेत.

कोलकात्यात झालेला एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. काही कर्जदारांचा पहिला हप्ता दोन आठवड्यांनी सुरू केला आणि काहींचा दोन महिन्यांनी, बाकी सगळे सारखे. ज्यांना दोन महिने मिळाले त्यांनी धंद्यात अधिक पैसा गुंतवला आणि पुढे त्यांचा नफाही अधिक राहिला. परंतु त्यांच्यात कर्ज बुडण्याचे प्रमाणही वाढले, आणि मी जेव्हा कार्यालयात हा अभ्यास पुढे केला, तेव्हा माझ्या वरिष्ठ सहकाऱ्याने नेमके तेवढेच वाक्य अधोरेखित करून मला परत दिले. त्यांचे म्हणणे मी फेटाळू शकत नाही. संस्थेचाही पैसा उसना असतो. तरीही जे कर्ज वेळेवर परत यावे म्हणून कर्जदाराला ओले लाकूड घ्यायला लागते, त्याला ‘उत्तम कर्ज’ म्हणण्याची आमची सवय मला आता बोचते.

व्याजाबद्दलही लिहिते, कारण त्या दिवशी बाईंनी तोही हिशेब मागितला. त्यांना सपाट दर सांगितला गेला होता, म्हणजे मूळ रकमेवर वर्षभर तेच व्याज. मुद्दल दर आठवड्याला कमी होत असताना व्याज मात्र पूर्ण रकमेवर लागत राहिले, तर वर्षभराच्या कर्जावर सपाट बारा टक्के हे घटत्या शिलकीवरच्या, म्हणजे फक्त उरलेल्या मुद्दलावर मोजलेल्या, बावीस टक्क्यांच्याही पुढे जातात. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, “मग तेव्हा बारा का सांगितलं?” माझ्याकडे उत्तर नव्हते. घटत्या शिलकीचा दर सांगणे अवघड नाही. तो ऐकायला मोठा वाटतो, एवढेच कारण आहे, आणि ते कारण मला कोणाच्याही घरात उच्चारता येत नाही.

पण त्यांचा दुसरा प्रश्न अधिक जड होता. “कर्ज माझ्या नावावर, यंत्र यांच्या हाताखाली. मग गटात मान खाली घालून मीच का बसायचं?”

आमची कर्जे बहुतांश स्त्रियांच्या नावावर असतात आणि पैसा पुष्कळदा घरातल्या पुरुषाच्या धंद्यात जातो, हे या क्षेत्रातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. स्त्रियांच्या धंद्यात भांडवल घातले तरी नफा वाढत नाही, असा निष्कर्ष काही वर्षे सांगितला जात असे. २०१९ मध्ये त्याच माहितीची फेरतपासणी झाली, तेव्हा लक्षात आले की तिच्या नावावर आलेले भांडवल घरातल्या दुसऱ्या धंद्यात वळत होते, आणि संपूर्ण घराचा हिशेब धरला तर उत्पन्न वाढतच होते. घर म्हणून पाहिले तर हे समाधानकारक आहे. बाईंच्या प्रश्नाला मात्र त्यातून उत्तर मिळत नाही, कारण उत्पन्न घराचे असले तरी चौघींच्या समोरची लाज एकटीची होती.

मी तिथेच बसून प्रस्ताव लिहिला: आठ आठवडे फक्त व्याज, आणि उरलेल्या मुद्दलाचे साप्ताहिकाऐवजी मासिक हप्ते, तेही हंगामाचे पैसे येतात त्या महिन्यांत मोठे. त्याबरोबर कुटुंबाने नव्या प्रत्येक दारासाठी निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी असे ठरले. यजमानांना ते पटायला वेळ लागला. ओळखीच्या माणसाकडे आगाऊ पैसे मागणे त्यांना अविश्वास दाखवल्यासारखे वाटत होते. शेवटी बाई म्हणाल्या, “लाकडाचे पैसे मागा, मजुरीचे नका मागू,” आणि तो शब्द त्यांना चालला.

मुख्य कार्यालयाने मासिक हप्ते मान्य केले, आठ आठवड्यांचे चार केले आणि खात्यावर ‘पुनर्रचित’ असा शिक्का मारला. वाकलेली दारे यजमानांनी वाळलेल्या लाकडाची नवी करून बदलून दिली आणि अडकलेले पैसे येऊ लागले. पहिली रक्कम हाती आली त्या आठवड्यात बाईंनी आधी चौघींचे सहा हप्ते परत केले आणि मग आमच्याकडे आल्या. नियमाने आमचा क्रम पहिला होता. मी त्यांना काही बोलले नाही, आणि शाखेतही ते सांगितले नाही.

आता कर्ज फिटले आहे आणि दुसऱ्या कर्जाचा अर्ज माझ्यापुढे आहे, फक्त लाकडासाठी. या वेळी नवरा-बायको दोघांची नावे असावीत, अशी बाईंची अट आहे. आमच्या फॉर्मवर एकाच नावाची जागा आहे. पुनर्रचनेच्या शिक्क्यामुळे त्यांची मर्यादा पहिल्या कर्जाच्या निम्मी झाली आहे, आणि मोजून ठेवलेल्या बारा दारांच्या लाकडाला ती पुरत नाही. जेवढे मंजूर होते तेवढेच द्यावे, तर पुन्हा अर्धे ओले लाकूड येईल. अधिक मागावे, तर कारण लिहायला हवे, आणि त्या कारणात माझ्या पहिल्या फॉर्ममधली चूक लिहावी लागेल. फॉर्मच्या समासात ‘पैसे किती दिवसांनी परत येतात’ असे मी हाताने लिहिले आहे आणि पुढे ‘नव्वद’ हा आकडा भरला आहे. सही अजून केलेली नाही.