सहा नावं मोठ्याने वाचताना

10 जून 2025 ला न्यू जर्सीत गव्हर्नरपदाची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक होती आणि आमचं मतदान केंद्र अग्निशमन केंद्रात होतं. बंब बाहेर काढून ठेवलेले, आतल्या मोकळ्या जागेत टेबलं आणि मशीन मांडलेली. मतदान सकाळी सहाला सुरू होतं आणि रात्री आठला संपतं, म्हणून आम्हा कर्मचाऱ्यांना पहाटे सव्वापाचला हजर व्हावं लागतं. दिवसाचे 300 डॉलर मिळतात. पैशांसाठी फारसं कोणी हे काम करत नाही. एकाच टेबलाशी दोन्ही पक्षांची माणसं बसलीच पाहिजेत, असा इथला कायदा आहे. मी डेमोक्रॅट म्हणून नोंदलेली. माझ्या शेजारी बसलेले जोडीदार टपालखात्यातून निवृत्त झालेले आणि जन्मभर रिपब्लिकन. राजकारणावर आमचं एकाही मुद्द्यावर जमत नाही. मतदान केंद्रावर मात्र मला त्यांच्याइतका भरवशाचा माणूस दुसरा भेटलेला नाही.

मी मिडलसेक्स काउंटीत राहते (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा). एडिसनचा भारतीय दुकानांचा ओक ट्री रोड माहीत असलेल्यांना ही वस्ती कशी आहे ते सांगायला नको. आमच्याकडे निवडणुकीची माहिती इंग्रजी, स्पॅनिश आणि गुजराती अशा तीन भाषांत मिळते. मराठी नसते, त्यामुळे नुकतेच नागरिक झालेले आपले काका-काकू आले की ते आपसूक माझ्या टेबलाकडे वळतात.

त्या सकाळी असेच एक काका आले. मूळचे साताऱ्याचे, मुलाकडे राहायला आलेले, कोणत्याही पक्षात नाव न नोंदवलेले. अशा मतदाराने प्रायमरीच्या दिवशी टेबलाशी येऊन एक पक्ष निवडायचा आणि त्या पक्षाची मतपत्रिका घ्यायची, असा नियम आहे. राज्यात असे पक्ष न सांगितलेले मतदार वीस लाखांहून जास्त आहेत. काका जरा रागावलेच.

"ताई, मत गुप्त असतं ना? मग पक्ष कशाला सांगायचा?"

"काका, मत गुप्तच आहे. आज फक्त तिकीट कोणाला द्यायचं ते ठरतंय. खरी निवडणूक नोव्हेंबरात. डेमोक्रॅटांचं तिकीट ठरवायचं की रिपब्लिकनांचं, तेवढं सांगा."

काका थांबले. "म्हणजे तिकीट आपणच द्यायचं?"

"हो, आपणच."

"आमच्याकडे तर ते मुंबईत नाहीतर दिल्लीत ठरतं," असं म्हणत त्यांनी पक्ष निवडला, सही केली आणि मशीनकडे गेले.

काकांना मी खरं तेच सांगितलं होतं. पण त्याच्या दोन वर्षं आधी तेच उत्तर मी इतक्या खात्रीने दिलं नसतं. कारण न्यू जर्सीत प्रायमरी असूनही तिकीट बऱ्याच अंशी काउंटीतले पक्षाचे पुढारीच देत होते, आणि त्यासाठी त्यांना कोणाचं तिकीट कापावंही लागत नव्हतं. मतपत्रिका कशी छापायची, एवढं हातात असलं की पुरे होतं.

याला इथे 'लाइन' म्हणत. राज्यातल्या 21 पैकी 19 काउंटींत ती होती. काउंटीच्या पक्षसंघटनेने पाठिंबा दिलेले सगळे उमेदवार, वरच्या पदापासून थेट काउंटी कमिशनरपर्यंत, एकाच रकान्यात एकाखाली एक छापायचे. बाकीचे कुठेतरी पलीकडे, कधी मधे मोकळे चौकोन सोडून, कधी ज्यांच्याशी काही देणंघेणं नाही अशा उमेदवारांच्या खाली. मतदार भरलेला रकाना बघतो, वरून खाली खुणा करत जातो, संपलं. आपल्याकडे बंडखोराला निदान स्वतःचं चिन्ह मिळतं आणि ते चिन्ह मतदाराच्या डोळ्यांपुढे असतं. इथे प्रायमरीत चिन्ह नसतं. कागदावरची जागा हेच चिन्ह, आणि ती जागा वाटणारे हात ठरलेले.

ही लाइन 2024 मध्ये मोडली. सिनेटर बॉब मेनेंडेझ यांच्यावर सप्टेंबर 2023 मध्ये लाचखोरीचं आरोपपत्र आलं आणि त्यांच्या जागेसाठी काँग्रेसमन (अमेरिकी संसदेचे सदस्य) अँडी किम उभे राहिले. समोर गव्हर्नर फिल मर्फी यांच्या पत्नी टॅमी मर्फी होत्या, आणि मोठ्या काउंटींतले पुढारी भराभर त्यांच्या मागे गेले. किम यांनी फेब्रुवारीत लाइनविरुद्धच फेडरल कोर्टात दावा लावला. राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलनी लाइनचा बचाव करायला नकार दिला. मार्चच्या शेवटी टॅमी मर्फींनी माघार घेतली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, 29 मार्चला, न्यायाधीश झाहिद कुरेशी यांनी डेमोक्रॅटिक प्रायमरीत लाइन वापरायला मनाई केली. पुढे मार्च 2025 मध्ये गव्हर्नर मर्फी यांनीच लाइन काढून टाकणाऱ्या कायद्यावर सही केली. आता प्रत्येक पदाचा वेगळा चौकोन असतो आणि त्यात त्या पदाचे सगळे उमेदवार एकत्र. कोणाचं नाव आधी, ते काउंटी क्लार्क चिठ्ठ्या काढून ठरवतो.

म्हणून ती जूनची प्रायमरी वेगळी होती. लाइन गेल्यानंतरची गव्हर्नरपदाची ही पहिलीच. डेमोक्रॅटांकडे सहा जण: अमेरिकी काँग्रेसमधल्या मायकी शेरिल आणि जॉश गॉटहायमर, नेवार्कचे महापौर रास बराका, जर्सी सिटीचे महापौर स्टीव्हन फुलप, शिक्षक संघटनेचे अध्यक्ष शॉन स्पिलर आणि राज्य सिनेटचे माजी अध्यक्ष स्टीव्ह स्वीनी, ज्यांना 2021 मध्ये एका ट्रकचालकाने हरवलं होतं. महिन्याभरापूर्वीच बराकांना नेवार्कमध्ये स्थलांतरितांच्या स्थानबद्धता केंद्राबाहेर अटक झाली होती. मे महिन्यात न्यू जर्सी ट्रान्झिटच्या रेल्वे चालकांचा संप झाला होता आणि जूनपासून विजेची बिलं वाढली होती. केंद्रापासून 100 फुटांच्या आत प्रचार करता येत नाही. त्या हद्दीपलीकडे उभे असलेले कार्यकर्ते पत्रकं वाटत याच गोष्टी बोलत होते: बिलं, रेल्वे, आणि अर्थातच प्रॉपर्टी टॅक्स.

दुपारी अडीचच्या सुमारास एक आजी आल्या. ऐंशीच्या पुढच्या, हातात काठी, ब्लाउजवर व्यवस्थित इस्त्री. त्यांचं नाव सापडलं, सही झाली, त्या मशीनपाशी गेल्या आणि बराच वेळ तिथेच उभ्या राहिल्या. मग मागे वळून त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "लाइन कुठे गेली?"

मी जवळ गेले. आजींची दृष्टी काही वर्षांपासून मध्यभागी धूसर झाली होती. कडेचं दिसायचं, समोरचं अक्षर दिसायचं नाही. आणि तरी त्या प्रत्येक प्रायमरीला येत होत्या, कोणाच्याही मदतीशिवाय. कसं, ते त्यांनीच सांगितलं: पक्षाचा रकाना कुठे असतो ते घरी आलेल्या नमुना मतपत्रिकेवर शेजारीण दाखवायची. इथे येऊन वरून खाली बोट नेत जायचं, की झालं. नावं वाचायची गरजच नव्हती. त्या तरुणपणी पक्षाच्या कामात होत्या, दारोदार फिरलेल्या. पक्षावर त्यांचा विश्वास होता, आणि आम्ही ज्याला अन्याय म्हणत होतो ती लाइन त्यांच्यासाठी डोळ्यांची सोय होती.

मला हे ऐकून वाईट वाटलं. लाइन जाणं योग्यच होतं, त्याबद्दल माझ्या मनात तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. पण ती जाताना ज्यांची सोय गेली त्यांच्यात ही बाई असेल, हे माझ्या ध्यानात कधी आलं नव्हतं आणि त्यावर कुठे काही लिहिलेलंही मी वाचलं नव्हतं.

मशीनला हेडफोन लावून नावं ऐकण्याची सोय असते. ती आम्ही आधी सुचवली. आजींच्या कानात श्रवणयंत्र होतं, वर हेडफोन बसेना, शिट्टीसारखा आवाज यायला लागला. त्यांनी तो काढून ठेवला. "माणसाने वाचलेलं मला कळतं," म्हणाल्या. कायद्याने मतदाराला आपल्या पसंतीचा मदतनीस आणता येतो, त्या एकट्या आल्या होत्या. मदतनीस नसेल तर केंद्रावरचे दोन कर्मचारी मदत करतात, आणि ते दोघं वेगवेगळ्या पक्षांचे असावे लागतात. आम्ही फॉर्म भरला, त्यांची सही घेतली, आणि मी व माझे जोडीदार त्यांच्या दोन बाजूंना उभे राहिलो.

त्यांचा पहिला प्रश्न अपेक्षित होता. "पक्षाचा माणूस कोण यातला?"

जोडीदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "ते आम्ही सांगू शकत नाही. जे छापलंय ते सगळं वाचून दाखवतो."

आणि इथे अडचण आली. न्यू जर्सीत उमेदवाराला आपल्या नावाखाली सहा शब्दांपर्यंतचं घोषवाक्य छापता येतं. लाइन गेली तरी ही मुभा राहिली आहे, आणि काउंटी संघटनेचा पाठिंबा असलेला उमेदवार तिथे संघटनेचंच नाव टाकू शकतो. म्हणजे नावाखालची ओळ वाचली की आजींच्या प्रश्नाचं उत्तर तिच्यातच होतं. नाही वाचली, तर डोळस मतदाराला जे दिसतं ते आजींपासून लपवल्यासारखं होत होतं.

एका उमेदवाराने नेमलेला चॅलेंजर, म्हणजे मतदानावर लक्ष ठेवणारा प्रतिनिधी, गळ्यात बिल्ला घालून सकाळपासून भिंतीशी बसला होता. तरुण मुलगा, कामाला चोख. त्याने आमचं कुजबुजणं ऐकलं आणि उठून म्हणाला, घोषवाक्यं वाचू नका, तो प्रचार होईल. त्याचं म्हणणं अगदीच निराधार नव्हतं. लाइन मोडायला ज्या लोकांनी वर्षानुवर्षं खटपट केली, त्यांच्यातलाच तो असणार.

माझे जोडीदार त्याच्याकडे वळले. या प्रायमरीत त्यांचा काही संबंध नव्हता. त्यांच्या पक्षाचं तिकीट जॅक चिटरेली की बिल स्पाडिया, त्यावर त्यांनी सकाळीच मत देऊन टाकलं होतं. ते शांतपणे म्हणाले, "मुला, कागदावर आहे ते या बाईंचं आहे. मी चाळीस वर्षं पत्रं वाटली. अर्धं पत्र कोणाला दिलं नाही."

मी काउंटीच्या कार्यालयाला फोन लावला. तिकडूनही तेच आलं: छापलेलं सगळं वाचा, प्रत्येकाचं सारखं वाचा. चॅलेंजरने आपल्या वहीत नोंद केली आणि तो जागेवर जाऊन बसला. तो त्याचा हक्क होता, आणि त्याने तो नीट बजावला.

मग आम्ही वाचलं. मी एक नाव, जोडीदार दुसरं, असं नाही. सगळं मीच वाचलं, जोडीदार कागदावर बोट ठेवून मी काही गाळत नाही ना ते पाहत राहिले. सहा नावं, सहा घोषवाक्यं. माझ्या मनात त्यांच्यापैकी एकाबद्दल आपुलकी होती. ते नाव आलं तेव्हा माझा आवाज बदलू नये याची जितकी काळजी मी घेतली, तितकी आयुष्यात क्वचितच कशाची घेतली असेल. गळ्यात शब्द जड होतात, ओळखीच्या नावाशी जीभ नकळत रेंगाळते. मतदाराच्या कानाला ते लगेच कळतं.

आजी डोळे मिटून ऐकत होत्या. संघटनेचं नाव आलं तेव्हा त्यांनी मान हलवली, ओळख पटल्यासारखी. मला वाटलं, झालं. पण त्या म्हणाल्या, "पुन्हा वाच. पहिल्यापासून."

मागे रांग झाली होती. कामावरून मधेच निसटून आलेली माणसं घड्याळ बघत होती. मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. या वेळी त्यांनी दोन नावांपाशी हात वर केला, एकाबद्दल विचारलं, "हा महापौर ना?" कोणाबद्दल, ते मी लिहिणार नाही. आम्ही म्हटलं, आम्हाला काही सांगता येणार नाही. त्या हसल्या. "तुम्ही दोघं फारच कडक आहात," म्हणाल्या, आणि त्यांनी एक नाव सांगितलं. जोडीदारांनी ते निवडलं, मी तपासलं, त्यांना वाचून दाखवलं. मग असेंब्लीच्या दोन जागा, मग काउंटीची पदं. प्रत्येक वेळी सगळी नावं. शेवटी मत नोंदलं गेलं.

त्यांनी कोणाला मत दिलं ते आम्हा दोघांना माहीत आहे. माझ्या नवऱ्याने त्या रात्री विचारलं, त्यालाही मी सांगितलं नाही. ते पक्षाच्या पाठिंब्याचं नाव होतं की दुसरं, एवढंही नाही.

आठला दार बंद केलं, मशीनमधून निकालाची पट्टी काढली, सगळ्यांनी सह्या केल्या. आमच्या छोट्याशा डिस्ट्रिक्टमध्ये सहाही जणांना मतं पडली होती. पूर्वीच्या प्रायमरीच्या पट्टीवर एक मोठा आकडा आणि बाकी किरकोळ, असंच दिसायचं. राज्यभरात मायकी शेरिल सुमारे 34 टक्के मतं घेऊन जिंकल्या, दुसरे बराका. नोव्हेंबरात शेरिल यांनी रिपब्लिकन चिटरेलींना हरवलं. शेरिल यांना बऱ्याच काउंटी संघटनांचा पाठिंबा होता, म्हणून काही जण म्हणतात की लाइन गेली काय न गेली काय, फरक काय पडला? मला हे पटत नाही. एकाच पक्षाच्या मतदारांनी दोन तृतीयांश मतं पाच वेगवेगळ्या माणसांना दिली आणि त्या माणसांची नावं शोधायला कोणाला कागद उलटापालटा करावा लागला नाही. पाठिंबा द्यायचा हक्क पक्षाच्या पुढाऱ्यांजवळ राहिला, तो राहावाच. कागद मात्र त्यांचा राहिला नाही.

घोषवाक्याचा प्रश्न मात्र मला सुटलेला वाटत नाही. सहा शब्दांत संघटनेचं नाव छापू द्यायचं, आणि तेही नेमकं त्याच जागी, हे मागच्या दाराने थोडीशी लाइन परत आणण्यासारखं आहे असं माझं मत आहे. आणि ज्यांना दिसत नाही, वाचता येत नाही, त्यांच्यासाठी नव्या रचनेची ओळख आधीपासून करून देणं हे काउंटीचं काम आहे, अडीच वाजता रांग लागल्यावर आमचं नव्हे.

नोव्हेंबरच्या निवडणुकीआधी कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण झालं, तिथे मी हा प्रसंग नावगाव न सांगता मांडला आणि विचारलं, घोषवाक्यं वाचायची की नाही? शिकवणाऱ्या बाईंनी सगळ्यांसाठी उत्तर दिलं: छापलेलं सगळं, प्रत्येकाचं. मागच्या रांगेतून माझ्या जोडीदारांनी हात वर केला.

"आणि एकाच वेगाने," ते म्हणाले. "तेही लिहून घ्या."

बाईंनी ते फळ्यावर लिहिलं.