तुम्ही विचारलंत म्हणून : टॅपेट वाजतायत, आवळून देता का?

कळंबोलीच्या लोखंड बाजारालगत माझे छोटे गॅरेज आहे आणि जुन्या ट्रकचे मालक व चालक मला वर्षानुवर्षे एकच प्रश्न विचारत आले आहेत : "मिस्त्री, टॅपेट वाजतायत, जरा आवळून देता का?" कॉइल भरून गाडी उभी असते, पावती हातात असते आणि दहा मिनिटांत निघायचे असते, त्यामुळे मी नीट उत्तर देऊ शकत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून ते इथे लिहितो.

जुन्या सहा सिलिंडरच्या डिझेल इंजिनात कॅमशाफ्ट, म्हणजे उंचवटे असलेला फिरता दांडा, खाली ब्लॉकमध्ये असतो. त्याचा उंचवटा टॅपेटला उचलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरचे एक टोक वर ढकलतो आणि रॉकरचे दुसरे टोक व्हॉल्व्हला खाली दाबते. रॉकर आणि व्हॉल्व्हची दांडी यांच्यामध्ये मुद्दाम थोडी फट ठेवलेली असते, कारण तापल्यावर दांडी लांबते आणि तिला लांबायला जागा लागते. रॉकरवरच्या स्क्रूने ही फट कमी करणे म्हणजेच टॅपेट आवळणे. एक्झॉस्टचा, म्हणजे धूर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह अधिक तापतो, म्हणून त्याची फट बहुधा हवा आत घेणाऱ्या इनलेटपेक्षा जास्त असते. नेमका आकडा इंजिनाप्रमाणे बदलतो आणि तो त्या इंजिनाच्या पुस्तकातूनच घ्यावा, पण साधारण 0.20 ते 0.45 मिलिमीटर, म्हणजे झेरॉक्सचे दोन ते चार कागद एकावर एक ठेवल्याइतकी ती असते. एवढी फट असल्यावर धातूवर धातू आपटणारच. बारा व्हॉल्व्हच्या इंजिनाचा शिवणयंत्रासारखा हलका, एकसारखा आवाज हा दोष नाही.

माझी भीती उलट आहे. रॉकर, पुशरॉड, टॅपेट झिजले की फट वाढते आणि आवाज होतो. पण व्हॉल्व्ह आपल्या सीटमध्ये, म्हणजे मिटल्यावर तो टेकतो त्या जागेत, झिजत खोल बसत गेला की दांडी वर येते, फट कमी होते आणि तो व्हॉल्व्ह गप्प होतो. गप्प झालेल्याची तक्रार घेऊन आजवर कोणीही आलेले नाही. सुरुवातीच्या दिवसांत एका मालकाच्या आग्रहाखातर मी चालू इंजिनावर, निव्वळ कानाने, बाराही टॅपेट आवाज बंद होईपर्यंत आवळले. मालक खूश झाला आणि मीही. काही आठवड्यांनी तीच गाडी खंडाळ्याचा घाट चढेना आणि सकाळी सुरू व्हायलाही त्रास देऊ लागली. हेड, म्हणजे इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग, उतरवले तेव्हा 4 नंबरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड उंदराने भाकरी कुरतडावी तशी जळून गेलेली होती. व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता सीटला टेकल्यावरच बाहेर टाकतो. मी लांबायला जागाच न ठेवल्यामुळे तापलेल्या दांडीने त्याला सीटवर टेकूच दिले नव्हते, आणि व्हॉल्व्ह व सीट यांच्यामधून जळता वायू सतत जात राहिला. हेडच्या कामाचा खर्च मी भरला.

म्हणून आवाज आला की आधी तो कोठून येतो ते पाहावे. कॅमशाफ्ट इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे टॅपेटची टिकटिक इंजिनाच्या दोन फेऱ्यांत एकदाच येते आणि ती वरच्या अंगाला ऐकू येते. क्रँकच्या बाजूचा ठोका खालून, जड आणि दाट येतो. लांब पेचकसाची मूठ कानाला लावून त्याचे टोक टॅपेट कव्हरवर ठिकठिकाणी टेकवले की जागा बरीच स्पष्ट होते. एकेका नोझलच्या पाइपचा नट थोडा ढिला करून, त्या सिलिंडरचे डिझेल तोडून पाहावे : आवाज नरमला तर तो जळणाचा किंवा बेअरिंगचा, तसाच राहिला तर वरच्या टॅपेट-रॉकरचा. डिझेल फार दाबाने उडते, त्यामुळे हात दूर ठेवून, चिंधी धरून हे करावे. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे पॅकिंग गळत असले तरी हुबेहूब टॅपेटसारखी टिकटिक येते. अशी गाडी भार घेतल्यावर जास्त वाजते आणि जोडाशी काळी काजळी दिसते. तिचे टॅपेट आवळण्यात काहीच अर्थ नसतो.

टॅपेटच वाजत आहे असे ठरले तर कव्हर काढून, इंजिन मंद चालू ठेवून, एकेका रॉकरखाली फीलरची, म्हणजे फट मोजायची ठरलेल्या जाडीची, पाती सरकवावी. ज्या रॉकरखाली पाती गेल्यावर आवाज मरतो, तो सापडला. त्याच वेळी बाराही रॉकरांवर तेल पोहोचते आहे का, हेही बघून घ्यावे. रॉकर शाफ्टचे बारीक छिद्र गाळाने बंद झाले असेल तर तिथले बुश कोरडे पडतात, आणि मग कितीही सेटिंग केले तरी आवाज आठवड्याभरात परत येतो.

एक गोष्ट मी प्रत्येक नव्या पोराला हातात रॉकर देऊन दाखवतो. रॉकरचे जे टोक दांडीवर घासते, त्याला वर्षानुवर्षांच्या कामाने दांडीच्या आकाराची खोबण पडते. फीलरची सरळ पाती त्या खोबणीच्या दोन काठांवर पूल टाकल्यासारखी बसते आणि 0.30 दाखवते, प्रत्यक्षात दांडी खोबणीत शिरते, त्यामुळे खरी फट 0.50 सुद्धा असू शकते. मिस्त्री शपथेवर सांगतो की सेटिंग बरोबर आहे, चालक शपथेवर सांगतो की आवाज आहे, आणि दोघेही खरे बोलत असतात. असा रॉकर बदलावाच लागतो, कारण वरचा कठीण केलेला थर पातळ असतो आणि तो घासून काढला की आतला मऊ धातू लवकर झिजतो. फट लावल्यावर थोड्याच दिवसांत एकाच व्हॉल्व्हची परत वाढत असेल, तर पुशरॉड सपाट काचेवर लोळवून वाकडा आहे का बघावा, आणि तो सरळ निघाला तर कॅमचा उंचवटा किंवा टॅपेटचा तळ खाल्ला गेला आहे असे समजून खर्चाची तयारी ठेवावी.

सेटिंगचे काम हाताला बसले की अवघड नाही. गाडी न्यूट्रलमध्ये, चाकांना ओट (अडसर) लावलेले, इंजिन पान्याने हाताने फिरवायचे. सरळ सहा सिलिंडरच्या बहुतेक इंजिनांचा क्रम 1-5-3-6-2-4 असतो आणि त्यात 1-6, 5-2, 3-4 अशा जोड्या असतात. 6 नंबरचा एक्झॉस्ट मिटत आणि इनलेट उघडू लागत असेल, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह डोलत असतील, तेव्हा 1 नंबरचे दोन्ही पूर्ण मिटलेले असतात, ते लावायचे. मग इंजिन एक तृतीयांश फेरी पुढे न्यायचे, 2 नंबर डोलताना 5 लावायचा, आणि याच रीतीने सहाही पूर्ण करायचे. पाती न अडता, पण बोटाला ओढ जाणवेल अशी सरकली पाहिजे. स्क्रू जागेवर धरून ठेवणारा चेकनट आवळताना स्क्रू किंचित फिरतो, म्हणून नट आवळल्यावर पाती पुन्हा घालून बघणे आवश्यक आहे. माझ्या पाहण्यात निम्म्याहून अधिक बिघडलेली सेटिंग इथेच बिघडतात. हेड उतरवून बसवलेले असेल तर आधी हेडचे बोल्ट ठरलेल्या ताकदीने आवळावेत, फट नंतर लावावी.

पुस्तकात थंड इंजिनाचा आकडा दिलेला असेल, तर इंजिन थंडच हवे. न्हावा शेव्याहून आलेली गाडी दोन तास उभी केली म्हणजे थंड झाली, असे मे महिन्यात तरी होत नाही. म्हणून प्रश्न विचारणाऱ्याला मी सांगतो की रात्री गाडी इथेच लावा, चावी द्या, सकाळी सहाला कव्हर उघडतो, आणि येताना कव्हरचे नवे पॅकिंग घेऊन या, कारण जुने परत बसवले की तेल गळते आणि मग तुम्ही त्यासाठी येता.