तीन-तीन सेकंदांचा वाचक

सोमवारी सकाळी साडेदहाला ग्रंथालयात आले तर देवघेव काउंटर मोकळा आणि माझ्या टेबलाभोवती मात्र घोळका. प्राणिशास्त्राच्या दोन मुली, रसायनशास्त्राचे एक प्राध्यापक आणि सबमिशनला चार दिवस उरलेला एक संशोधक, ज्याचा चेहरा बघूनच पोटात गोळा आला. तक्रार सगळ्यांची एकच. संशोधनाचा पेपर ऑनलाइन उघडायला गेलं की पैसे मागतंय. एका पेपरचे तीस-चाळीस डॉलर. 2023ची दिवाळी आठवड्यावर आली होती.

मी विद्यापीठात ई-रिसोर्सेसचं, म्हणजे वर्गणी भरून घेतलेल्या ऑनलाइन जर्नल्सचं, काम बघते. सांगायला हे नाव बरं आहे, पण अर्धं काम करारनामे वाचण्याचं आणि उरलेलं अर्धं ते दुसऱ्या कुणी वाचलेले नाहीत हे निस्तरण्याचं.

मेल उघडला. एका परदेशी प्रकाशकाचा होता, पहाटे साडेचारला आलेला. तुमच्या पत्त्यावरून रात्री 1:42 ते 4:18 या वेळात आमच्या 3,118 पीडीएफ उतरवल्या गेल्या, हा कराराचा भंग आहे, चौकशी करून कळवेपर्यंत तुमचा संपूर्ण प्रवेश बंद. खाली कुणाची सही नव्हती, फक्त तक्रार क्रमांक.

एकानं केलं तर सगळ्यांना शिक्षा का, हा प्रश्न त्या दिवशी मला वीस जणांनी तरी विचारला असेल. कॅम्पसवर यंत्रं दोन-अडीच हजार, पण बाहेरच्या जगाला ती सगळी मिळून चारच आयपी पत्त्यांवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या ओळख क्रमांकांवरून, दिसतात. वाड्यात बिऱ्हाडं चाळीस आणि दिंडी दरवाजा एक, तसं. कोणत्या बिऱ्हाडानं काय नेलं ते प्रकाशकाला दिसत नाही, म्हणून तो दरवाज्यालाच कुलूप घालतो.

संगणक केंद्रात जाऊन लॉग, म्हणजे कधी काय उघडलं याची नोंद, काढायला लावला. माणूस वाचत असला की लॉगमध्ये कळतं. एक पेपर, मग सात-आठ मिनिटं काहीच नाही, मग त्याच्याच संदर्भयादीतले दोन, मग बराच वेळ शांतता. बहुधा चहा. इथं मात्र तीन सेकंद, तीन सेकंद, तीन सेकंद. पहिल्या खंडाच्या पहिल्या अंकापासून ओळीनं सगळं: संपादकीयं, शुद्धिपत्रं, पुस्तकपरीक्षणं, निधनवार्तासुद्धा. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या निधनवार्ता कोण उतरवून घेतं? हा माणूस नव्हता, प्रोग्राम होता. तो लावून माणूस झोपला होता.

वायफायच्या लॉगिनशी वेळ जुळवली आणि बाराच्या सुमारास पीएच.डी.चा एक नोंदणी क्रमांक हाती आला. मुलांच्या वसतिगृहातला.

तेवढ्यात कुलसचिवांकडून बोलावणं आलं. तिथं सुरक्षा अधिकारी कॉपीराइट कायद्याच्या कलम 63चं प्रिंटआउट घेऊन आधीच बसले होते. 6 महिने ते 3 वर्षं कैद, 50 हजार ते 2 लाख दंड. ते वाचताना त्यांचा आवाज जरा खुललेला वाटला, उगाच कशाला खोटं बोलू.

"नाव कळवून टाका प्रकाशकाला," कुलसचिव म्हणाले. "आपण मोकळे."

शेजारी बसलेले उपकुलसचिव म्हणाले, "पण ते दिल्लीच्या झेरॉक्सवाल्याचं काय? त्यात कोर्टानं सगळं चालतं म्हटलंय ना?"

हा निकाल सगळ्यांना ऐकून माहीत असतो. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातलं रामेश्वरी फोटोकॉपी, आणि 2012 साली त्याला कोर्टात खेचणारे ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस हे प्रकाशक. शिक्षकांनी नेमलेल्या प्रकरणांच्या झेरॉक्स काढून बांधलेले संच तिथं विकले जायचे. 16 सप्टेंबर 2016 रोजी दिल्ली उच्च न्यायालयानं दावा फेटाळला. शिकण्या-शिकवण्याच्या ओघात प्रती काढायला कलम 52 मुभा देतं, हा त्याचा आधार. त्याच डिसेंबरमध्ये खंडपीठानंही ती मुभा मान्य केली. पण ते सगळं कायद्यानं काय दिलंय याबद्दल होतं. आमच्या हातात होता तो करारनामा, चौदा पानी, आणि शेवटच्या पानावर कुलसचिवांचीच सही. नवव्या पानाला मी पिवळी चिठ्ठी लावून नेली होती. स्वतःच्या अभ्यासासाठी एकेक प्रत उतरवता येईल, गठ्ठ्यानं किंवा यंत्रानं नाही. भंग झाला तर संस्थेनं तो थांबवायचा आणि काय केलं ते कळवायचं.

"यात नाव द्या असं कुठंही नाही, साहेब," मी म्हणाले.

त्यांनी पान वाचलं. माझ्या समजुतीप्रमाणे पहिल्यांदाच.

माझ्या डोक्यात त्या वेळी अमेरिकेतली एमआयटी होती. 2010 मध्ये ॲरन स्वार्ट्झ नावाच्या तरुणानं तिथल्या नेटवर्कवरून जेस्टोर या जर्नल्सच्या ऑनलाइन संग्रहातले लाखो लेख उतरवले. तेव्हा जेस्टोरनं काही दिवस अख्ख्या एमआयटीचा प्रवेश बंद केला होता. पुढं त्याला अटक झाली. जेस्टोरनं आपल्यापुरतं प्रकरण मिटवलं, सरकारी वकिलांनी मिटवलं नाही. 11 जानेवारी 2013 रोजी त्यानं आत्महत्या केली. 26 वर्षांचा होता. आमचं प्रकरण त्याच्या पासंगालाही पुरणारं नव्हतं, पण नाव एकदा बाहेर गेलं की ते कोणाच्या टेबलावर जाऊन पडेल हे आपल्या हातात राहत नाही. हे मी त्या खोलीत जरा चढ्या आवाजात बोलले. कुलसचिव म्हणाले, "ठीक आहे, तुमच्या जबाबदारीवर." म्हणजे फाइल माझी झाली.

मुलगा दीड वाजता आला, सोबत त्याचे गाइड. वनस्पतिशास्त्राचा, दुसऱ्या वर्षाचा, सातपुड्यातल्या रानभाज्यांवर काम करणारा. गाव धडगावच्या पुढचा एक पाडा. दिवाळीला महिनाभर घरी जायचं, मका-ज्वारीची काढणी असते आणि मोबाइलला रेंज हवी तर टेकडी चढायची. म्हणून त्यानं यूट्यूबवर बघून चाळीसेक ओळींचा पायथन प्रोग्राम लिहिला होता. सगळं घेऊन जावं, मग घरी निवांत वाचावं.

गाइड सर रागावत होते. मुलगा खाली बघत होता. मग एकदम म्हणाला, "मॅडम, विद्यापीठानं पैसे भरलेत ना?"

प्रश्न रास्त होता. भरले होते, पण ते घरभाडं. भाडं थांबलं की बहुतेक वेळा घरातून बाहेर. आता 1 जानेवारी 2025पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'मुळे बरीचशी जर्नल्स केंद्राच्या खर्चानं येतात, तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये. त्या वर्षी मात्र आमचं आम्हीच भरत होतो आणि कोणतं जर्नल बंद करायचं यावर दर मार्चला विभागप्रमुखांची भांडणं सोडवत होतो. एवढे पैसे भरून आपल्या मालकीचं काहीच नाही, हे त्याला समजावताना माझं मलाच पटत नव्हतं. त्याला तसं सांगितलंसुद्धा.

त्याचा लॅपटॉप माझ्या टेबलावर उघडला. फोल्डरमध्ये 3,118 फाइली, साडेचार जीबीच्या आसपास. त्यातल्या तुझ्या कामाच्या कोणत्या ते बाजूला काढ म्हटलं. शीर्षकं वाचत वाचत तासाभरात 61 निघाल्या. तेवढ्या ठेवू दे असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण संध्याकाळी मला 'सर्व प्रती पुसल्या' असं लिहून पाठवायचं होतं आणि ते खरं असायला हवं होतं. त्यानं 61 शीर्षकं वहीत उतरवून घेतली. अक्षर सुरेख.

फोल्डर पुसणार एवढ्यात गाइड सर पुढं वाकले. "थांबा थांबा. हा माझा पेपर आहे. हा तरी राहू द्या. माझ्याकडंच नाहीये."

"सर, हा तुमचा नाही," मी म्हणाले. "छापून येताना तुम्ही हक्क लिहून दिलेत त्यांना."

"मी? कधी?"

छापायच्या घाईत येणारा तो दोन पानी फॉर्म कुणीच वाचत नाही. सही करतात, स्कॅन करतात, पाठवतात. सरांना म्हटलं, छापील पीडीएफ नाही, पण तपासणीनंतर स्वीकारलेली तुमची स्वतःची वर्ड फाइल असेल तर ती आपल्या रिपॉझिटरीत, म्हणजे विद्यापीठाच्या ऑनलाइन संग्रहात, ठेवता येते, बऱ्याच प्रकाशकांची ठरावीक मुदतीनंतर त्याला परवानगी असते. जानेवारीत त्यांनी एका जुन्या पेनड्राइव्हवरून ती शोधून आणली, एक नकाशा हरवलेला. चढवली तशीच. त्या दुपारनंतर त्यांचं रागावणं मात्र बरंच सौम्य झालं.

फोल्डर पुसला, रिसायकल बिनही रिकामी केली, पेनड्राइव्ह तपासले. संध्याकाळी सहाला उत्तर पाठवलं: एका संशोधकानं, विकण्याचा हेतू नसताना, नियम माहीत नसल्यामुळं केलं; प्रती पुसल्या; त्याला समज दिली; सर्व संशोधकांना सूचना काढत आहोत. नाव नाही. सूचना या वेळी मराठीतून काढली. आधीची इंग्रजी सूचना तीन वर्षं वेबसाइटवर होती, ती त्या मुलानं बघितलेली नव्हती आणि खरं तर कुणीच नव्हती.

मंगळवारी दुपारी तीनला प्रवेश परत सुरू झाला. सोबत एक फॉर्म आला: आमच्या सेवेबद्दल तुम्ही किती समाधानी आहात, एक ते पाचपैकी निवडा. तो तसाच पडून आहे.

मुलाची एसटी बुधवारी रात्री होती. मंगळवारी संध्याकाळी आणि बुधवारी दिवसभर तो माझ्या टेबलाशेजारच्या संगणकावर वही उघडून बसला, एकेक शीर्षक टाकून. म्हटलं होतं नुसतं उतरव, वाचत बसू नकोस, वेळ नाही. बुधवारी निघताना सवयीनं लॉग बघितला. एक पेपर, मग चार मिनिटं. एक, मग अकरा मिनिटं. 61पैकी 44 झाले होते.