मालागाचा इब्न गबिरोल

स्पेनमधील मालागात बहुतेक पर्यटक पिकासोचे जन्मघर शोधत येतात. मी अल्कासाबिया रस्त्याकडे वळलो, कारण शलोमो इब्न गबिरोल या अकराव्या शतकातील ज्यू कवीचा ब्राँझचा पुतळा तिथे आहे. एका अंगाला १९५१ मध्ये उजेडात आलेले रोमन नाट्यगृह, त्याच्या वर अल्कासाबा हा किल्ला आणि पायथ्याच्या लहानशा बागेत लांब झग्यातील कवी. हा किल्ला पाहतच तो वाढला असेल, असे वाटून जाते. पण आज दिसणारी तटबंदी बव्हंशी ग्रानाडाच्या बादिस राजाने १०५७ नंतर उभारली आणि गबिरोलने मालागा त्यापूर्वीच सोडले होते.

१०२१ च्या सुमारास तो इथे जन्मला आणि सारागोसा या स्पेनमधल्याच शहरात वाढला. लहानपणीच पोरका झालेला, त्वचारोगाने बेजार आणि कमालीचा मानी असा हा मुलगा सोळाव्या वर्षीच काव्याला आपला दास म्हणवत होता. १०३९ मध्ये त्याचा आश्रयदाता येकुतिएल मारला गेला. त्यानंतरच्या त्याच्या विलापिका हिब्रू काव्यात श्रेष्ठ मानल्या जातात.

मला अधिक ओढ आहे ती त्याच्या तत्त्वज्ञानाच्या ग्रंथाची. 'जीवनाचा झरा' हा गुरुशिष्यसंवाद त्याने अरबीत लिहिला. देहधारी वस्तूंप्रमाणेच आत्मा आणि देवदूतही द्रव्य व आकार यांनी घडलेले आहेत, असे तो त्यात मांडतो. बाराव्या शतकात तोलेदोत त्याचे लॅटिन भाषांतर झाले आणि 'अविसेब्रॉन' या नावाने तो युरोपभर वाचला गेला. ख्रिस्ती धर्मपंडित थॉमस अक्वायनसने त्याचे खंडन केले, तर फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती संन्यासी पंथातील अनेक पंडितांनी त्याचे मत उचलून धरले. पण ग्रंथात बायबलचे एकही अवतरण नसल्याने लेखक ज्यू असेल, अशी शंका त्यांना आली नाही. कोणी त्याला मुसलमान समजले, कोणी ख्रिस्ती. अखेर १८४६ मध्ये सालोमन मुंक या अभ्यासकाने पॅरिसमधील एका हिब्रू हस्तलिखितातील उतारे लॅटिन ग्रंथाशी ताडून पाहिले आणि अविसेब्रॉन म्हणजेच इब्न गबिरोल हे सिद्ध केले.

गंमत अशी की, कवी म्हणून तो कधी हरवलाच नव्हता. चंद्र पृथ्वीच्या एकोणचाळिसाव्या हिश्श्याएवढा, सूर्य तिच्या १७० पट, अशी तत्कालीन खगोलगणिते मांडत ईश्वरापर्यंत चढत जाणारे त्याचे 'राजमुकुट' हे दीर्घकाव्य सेफार्दी, म्हणजे मूळचे स्पेनकडील, ज्यू योम किप्पुर या प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या उपासाला आजही म्हणतात. त्यात तो ईश्वराला सांगतो, की तुझ्या क्रोधापासून पळालो, तरी आसऱ्याला तुझ्याकडेच येईन.