सोमवारी गेलो, मंगळवारी पाहिला

बडोद्याला लग्नाला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी लक्ष्मी विलास पॅलेस बघायचाच म्हणून रिक्षा केली. फाटकावरचा माणूस म्हणाला, "आज सोमवार ना, काका!" सोमवारी पॅलेस बंद असतो. रिक्षावाल्याला हे ठाऊक नव्हतं की ठाऊक असून गप्प बसला, देव जाणे. परतीचं तिकीट बदललं. घरी बोलणी बसली ती वेगळी.

मंगळवारी तिकिटाबरोबर कानाला लावायचं ऑडिओ गाइड मिळालं. आत फोटोला बंदी, त्यामुळे मोबाइल खिशातच. राजघराणं अजून इथेच राहतं, म्हणून मोजकीच दालनं उघडी आहेत, पण तेवढ्यानेही पोट भरतं. मालेगावजवळच्या कवळाण्याचा गोपाळ १८७५ मध्ये दत्तक येऊन सयाजीराव झाला, आणि १८९० मध्ये हा वाडा पुरा झाला. आराखडा मेजर मँट या इंग्रज वास्तुकाराचा. कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्याचाच, हे कळल्यावर मनोरे ओळखीचे वाटायला लागले. मँट मधेच वारला आणि उरलेलं काम चिझमने तडीस नेलं.

दरबार हॉलमध्ये मात्र मी ऑडिओ बंद केला. खाली व्हेनिसच्या मोझेइकची फरशी, खिडक्यांना बेल्जियमच्या रंगीत काचा. सदऱ्याच्या बाहीवर निळा डाग दिसला म्हणून झटकायला गेलो, तर तो काचेतून आलेला उजेड! शस्त्रागार भराभर उरकलं. तलवारी मला सगळ्या सारख्याच दिसतात.

बाहेरच्या बागेत बहुतेक जण सेल्फी काढून परततात. मी तिथेच रेंगाळलो. ही बाग लंडनच्या क्यू उद्यानात काम केलेल्या विल्यम गोल्डरिंगने आखली. वाड्याला वळसा घालताना झाडांआडून कधी घुमट दिसतो, कधी नुसताच मनोरा. सगळा वाडा एकदम नजरेत येतच नाही. हे मुद्दाम केलंय, असं माझं मत.

या रेंगाळण्यात आवारातल्या फत्तेसिंह म्युझियमला उशीर झाला. त्याचं तिकीट वेगळं. ही इमारत मुळात राजघराण्यातल्या मुलांची शाळा. मुलांना वाड्यातून इथे आणायला चक्क छोटी आगगाडी होती. माझा जीव अडकला होता रविवर्म्यात. त्याच्या चित्रांपाशी पोचलो तेव्हा बंद व्हायला वीस मिनिटं उरली होती. एका साडीच्या जरीवरच त्यातली दहा गेली.